पिठाच्या पोत्यावरचा चेहरा

अक्रा, १२ फेब्रुवारी १९९५

प्रिय मामा,

पोस्टावर माझा भरवसा उरलेला नाही, म्हणून हे पत्र सॉल्टपाँडच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. मिळालं की त्याच्याच हाती उत्तर द्या, नाहीतर तुम्ही 'सवडीने लिहू' म्हणाल आणि पावसाळा येईल.

माझा चित्रपट झाला. मंगळवारी शेवटचं दृश्य घेतलं आणि घरी येऊन मी सोळा तास झोपले. दहा वर्षं दुसऱ्यांच्या फिती कापत-जोडत बसले होते, ही फीत माझी आहे. नाव 'दारात कोण?'. आई असती तर तिने आख्ख्या गल्लीत मक्याच्या पिठाचा केन्के वाटला असता. ती नाही, म्हणून हे सगळं तुमच्यापाशी.

चित्रपट भीतीचा आहे. एका घराच्या दारात रोज दिवेलागणीला एक म्हातारी येऊन उभी राहते. बोलत नाही, फक्त दार वाजवते. ती आली की घरातलं एकेक माणूस आजारी पडतं. एवढंच. पण मामा, दिसतं काय! दिव्यांवर लाल कागद लावले, नारळाच्या सोडणांचा धूर केला, आणि त्या धुरातून ती अशी पुढे येते की कॅमेरा धरणारा माणूसही एकदा मागे सरला.

निर्माते लाम्प्टी साहेब म्हणतात, अक्रात लावण्याआधी लहान गावात लावून बघू, लोक घाबरतात का. मी आपलं गाव सुचवलं. बोआफोच्या व्हिडिओ हॉलमध्ये मार्चमध्ये लागेल. आणि बॅनर तुम्हीच रंगवायचा. लहानपणी तुमच्या शेडमध्ये बसून, तुम्ही पिठाच्या पोत्यांवर रंगवलेली भुतं बघतच मी या धंद्यात आले, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. फीत मात्र पाठवता येत नाही, एकच प्रत आहे.

तुमची,
एकुवा

*

सॉल्टपाँड, २० फेब्रुवारी १९९५

एकुवा, माझ्या पोरी,

गाडीवाला समोर बसून पाणी पितो आहे आणि सारखा घड्याळाकडे बघतो आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.

आनंद झाला. शेजारच्या एफुवाबाईला सांगितलं. तिने भट्टीवरच्या धुरावलेल्या तारल्या टोपलीभर बांधून दिल्या आहेत, याच गाडीने येतील. गाडीवाल्याने वाटेत खाल्ल्या नाहीत तर मिळतील. 'शाळेतून येताना माझ्या जाळीवरून मासे पळवायची ती हीच ना,' असं विचारत होती.

बॅनरचं म्हणशील तर पोती शिवून ठेवली आहेत. चित्रपटात एक साप असेल तर मी तीन काढतो, आणि एकही नसेल तरी एक काढतोच. लोकांनी आजवर तक्रार केलेली नाही. पण चेहऱ्याचं तसं नसतं. माणूस लांबून येताना आधी चेहरा बघतो. म्हणून मला एवढंच सांग: ही म्हातारी कोण? तिला त्या घरातून काय हवं आहे? रागावलेल्या बाईच्या भुवया वेगळ्या, भुकेल्या बाईच्या वेगळ्या. नुसती 'म्हातारी' मला रंगवता येत नाही.

तुझा मामा,
एबो अर्कोर्फुल

*

अक्रा, २७ फेब्रुवारी १९९५

प्रिय मामा,

मासे पोचले. गाडीवाल्याने दोन खाल्ले, कबूलही केलं.

ती कोण, हे मला माहीत नाही आणि मला ते ठरवायचंही नाही. तुम्ही जुन्या वळणाची माणसं, तुम्हाला प्रत्येक भुताची वंशावळ लागते. कुणी विष घातलं, कुणी जमीन बळकावली, मग शेवटी सगळ्यांसमोर उलगडा, की भीती गेली आणि राहिली ती पंचायत. मी असले वीस चित्रपट कापले आहेत. लोक उलगड्याच्या वेळी उठून लघवीला जातात.

भीतीला कारण लागत नाही. माझ्या चित्रपटात चार मिनिटांचं एक दृश्य आहे. लाल उजेडातलं दार, त्यासमोर ती पाठमोरी. काही घडत नाही. नुसती उभी आहे. संगीत नाही, शब्द नाही. ती चार मिनिटं मी माझ्या डोळ्यांनी रचली, त्यासाठी लाम्प्टी साहेबांशी दोन दिवस भांडले. मला वाटतं ती चार मिनिटं म्हणजेच चित्रपट.

तेव्हा तुम्ही फार विचार करू नका. म्हातारा चेहरा, लाल डोळे. कुणाचाही चालेल.

एकुवा

*

सॉल्टपाँड, १९ मार्च १९९५

एकुवा पोरी,

काल शनिवारी दुपारी चित्रपट लागला. हॉल भरून बाहेर खिडक्यांशी माणसं होती. बोआफो एवढा खूश होता की मला त्याने फुकट आत घेतलं, जे त्याच्या बापानेही कधी केलं नव्हतं.

तुला डोळा आहे. हे मी मामा म्हणून लिहीत नाही, रंगारी म्हणून लिहितो. तो धूर, तो लाल, दाराच्या फटीतून येणारी ती रेघ. लोक किंचाळत होते आणि मी मनात म्हणत होतो, हा रंग हिने कालवला कसा?

बाहेर पडल्यावर मी पाच-सहा जणांना विचारलं, काय झालं चित्रपटात? एक म्हणाला, तिने मुलाचा जीव घेतला. दुसरी म्हणाली, नाही, ती रक्त पिते. तिसरा म्हणाला, ती चेटकीण, आणखी काय. प्रत्येकाने आपापली गोष्ट घरी नेली. तुला हेच हवं होतं बहुतेक.

बॅनर हॉलवर लावला आहे. एफुवाबाईची भट्टी तीन दिवस पेटलेली नाही. ऊन लागलं असावं.

मामा

*

अक्रा, २८ मार्च १९९५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी लाम्प्टी साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'प्रत्येकाने आपापली गोष्ट घरी नेली' तो भाग सोडून. बोआफोनेही निरोप पाठवला आहे की लोक दोनदोनदा येत आहेत, आणि निम्मी माणसं तर बॅनर बघूनच आत शिरतात. साहेब स्वतः तिथे जाऊन आले आणि म्हणतात, असा बॅनर त्यांनी आजवर बघितला नाही. केप कोस्ट, कुमासी आणि अक्रा इथल्या हॉलसाठी आणखी चार हवे आहेत, ताबडतोब, आणि चेहरा तोच हवा. मला अजून बघायला मिळालेला नाही. कुठून सुचला तो चेहरा?

पोती शिवायला घ्या. एफुवा आजीला म्हणावं, लवकर बरी हो. तिच्या मासळीवर मी शाळेची सहा वर्षं काढली आहेत.

एकुवा

*

सॉल्टपाँड, ५ एप्रिल १९९५

एकुवा,

चार बॅनर होणार नाहीत. आहे तोही मी काल उतरवला.

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. तुझा आनंद मोडायचा नव्हता, आणि माझी लाजही झाकायची होती. आता लिहितो.

मला चेहरा सुचत नव्हता. तीन दिवस पोत्याच्या मधोमध जागा रिकामी होती. चौथ्या दिवशी सकाळी ब्रश हातात घेतला आणि हात आपसूक चालत गेला. दुपारी मागे सरून बघितलं तर बरं वाटलं. एवढा जिवंत चेहरा माझ्या हातून कैक वर्षांत उतरला नव्हता. तो जिवंत का, हे मात्र मला उमगलं नाही. तीस वर्षं कुंपणापलीकडे मी तोच चेहरा बघतो आहे. एफुवाबाईचा. गालाचं हाड, कपाळाची आठी, सगळं तिचं. आणि डोळे. चाळीस वर्षं भट्टीच्या धुरापुढे बसून तिचे डोळे लाल झाले आहेत. त्यावर मी आणखी लाल चढवला, कारण तू लाल सांगितला होतास.

मला कळलं नाही, पण गावाला पहिल्याच दिवशी कळलं. आधी लहान मुलं तिच्या अंगणावरून पळत जायला लागली. मग नळावरच्या बायका ती आली की हंडे उचलायला लागल्या. मग मंकेसिमच्या बाजाराला तिचा माल नेणारी व्यापारीण टोपल्या उचलेना. म्हणाली, गिऱ्हाइकं विचारतात कुणाच्या हातचे मासे.  एफुवाबाईने भट्टी बंद ठेवली.

सोमवारी भर दुपारी तिच्या अंगणात दगड आला. भुवईवर खोक पडली. मारणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, चांगल्या घरातली, चर्चमध्ये गाणारी. पकडल्यावर ती रडत म्हणाली, 'ती रात्री आमच्या दारात उभी राहते.' खोटं बोलत नव्हती, तिला तसं दिसत होतं. तुझ्या दाराला नाव नव्हतं एकुवा, म्हणून ते तिच्या घराला लागलं.

आता आमच्या कुळाचा प्रमुख, तो म्हातारा, म्हणतो आहे की, एफुवाबाईला काही दिवस किनाऱ्यापासून आत, तिच्या भावाच्या गावी पाठवावं. 'काही दिवस' म्हणजे काय, ते तू जाणतेस. तसं पाठवलेलं कोण परत आलं आहे? मी हातापाया पडून महिन्याची मुदत मागून घेतली आहे.

मामा

*

अक्रा, ११ एप्रिल १९९५

मामा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी मला फक्त राग आला, आणि तो मी लपवणार नाही. चेहरा तुम्ही काढलात. मी 'कुणाचाही' म्हटलं होतं, 'एफुवा आजीचा' नव्हतं म्हटलं. दगड त्या मुलीने मारला. मग दाराचा दोष कसा? माझ्या चित्रपटात एकही शब्द नाही जो म्हणतो की लाल डोळ्यांची बाई चेटकीण असते.

चौथ्या वेळी वाचताना वाटलं की एकही शब्द नाही, हेच तर तुम्ही म्हणता आहात.

पण मी करू काय? ईस्टरला अक्रात लागायचा आहे. फिती छापायला गेल्या. लाम्प्टी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, असं झालं म्हणजे चित्रपट चालणार. मी खोलीबाहेर निघून आले, एवढंच केलं.

ती कशी आहे? माझ्याबद्दल काही म्हणाली का?

एकुवा

*

सॉल्टपाँड, १७ एप्रिल १९९५

एकुवा,

चेहरा मी काढला, हे खरं. तो दोष मी तुझ्या अंगावर टाकत नाही, अर्धा वाटून घे एवढंच म्हणतो.

उतरवलेला बॅनर घेऊन मी तिच्याकडे गेलो. जाळून टाकावा असं मनात होतं, पण तिच्या चेहऱ्याचं काय करायचं ते ठरवणारा मी कोण? पोती अंगणात पसरली. डोक्याला पट्टी बांधलेली ती वाकून बघायला लागली.

'मीच का ही?'

'हो, एफुवाबाई.'

'नाक चुकलंय.' मग म्हणाली, 'या चित्रपटात मी करते काय?'

'दारात उभी राहता.'

'कशाला?'

'ते सांगितलेलं नाही.'

'मग लोकांनी ते आपापल्या मनानं भरलं,' ती म्हणाली.  बॅनरची घडी घालायला मला मदत केली. तुझं पत्र वाचून दाखवलं, रागाचा भागसुद्धा. तेव्हा म्हणाली, तिला म्हणावं, तिथे बसून विचारण्यापेक्षा इथे ये आणि मला बघून जा.

मुदतीतले बारा दिवस गेले.

मामा

*

अक्रा, ३ मे १९९५

प्रिय मामा,

सॉल्टपाँडहून परत पोचून दोन दिवस झाले. गाडीत सबंध वाटेने मी वहीत लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी एफुवा आजीने तुम्हाला केन्के आणायला पिटाळलं आणि तुम्ही तासाभराने आलात, तेव्हा आम्ही बोलणं अर्ध्यात तोडलं. वाटेत तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं. तिची परवानगी घ्यायची राहिली होती. निघताना ती म्हणाली, एबोला सांग, तो माझा चेहरा तीस वर्षं बघतो आहे, आता आतलंही कळू दे.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी नंतर, आधी ऐक. भट्टीच्या जाळ्या दुरुस्त करत बोलत होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलाला ताकोराडीत मुलगी झाली. निरोप आला नाही, दुसऱ्याकडून कळलं. आजीने टोपलीभर मासे धुरावले, नवं कापड नेसली आणि गाडी धरून गेली. दार वाजवलं. आतून सुनेचा आवाज आला, बाळाचा आला, पण दार उघडेना. सुनेच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की, सासूचे डोळे वाईट, बाळावर पडू देऊ नकोस. मुलगा कामावर होता. आजी दुपारी तीनपासून दिवे लागेपर्यंत टोपली घेऊन उभी राहिली. मग टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि शेवटच्या गाडीने परत आली. गावात सांगितलं, नात गुटगुटीत आहे, खूप हसते.

तुम्हालाही तिने हेच सांगितलं होतं ना?

'त्या दिवशी रस्त्यावरून जाणारी माणसं माझ्याकडे बघून बाजूनं जात होती,' ती म्हणाली. 'दार वाजवणारी, न बोलणारी, संध्याकाळ झाली तरी न हलणारी म्हातारी. तुझ्या चित्रपटातली ती मीच आहे पोरी. तुला फक्त ठाऊक नव्हतं, मी तिथे का होते.'

मामा, मी माझी चार मिनिटं डोळ्यांपुढे आणली. लाल दार, पाठमोरी म्हातारी, काही घडत नाही. माझ्याजवळ सगळं होतं. फक्त तिच्या हातात टोपली नव्हती.

मी लाम्प्टी साहेबांना म्हटलं, चित्रपट थांबवा, मला नवी दृश्यं घ्यायची आहेत. म्हातारी परतीच्या वाटेवर मरते आणि तरी रोज त्या दारात येते, कारण नात बघायची राहिली. घरातली माणसं आजारी पडतात ती तिच्यामुळे नाही. दारंखिडक्या लावून, चूल आत पेटवून, त्या धुराने गुदमरून पडतात. भीतीने मरतात. साहेब म्हणाले, भुताची बाजू घेणारी बाई मी आज पहिल्यांदा बघतो आहे. मी म्हटलं, अक्रात ईस्टरला आठवडाभर चालला, मग लोक म्हणायला लागले की 'दिसतं छान, पण आहे काय त्यात', हे तुम्हीच मला काल सांगितलंत. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी साहेब तयार झाले, दोन अटींवर: लाल उजेड राहायला हवा, आणि चार दिवसांत आटपायला हवं.

लाल उजेड राहील. पण या वेळी तो भट्टीचा असेल.

म्हातारीचं काम कोण करणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी तिला विचारलं तेव्हा तिला भीती वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, 'माझा चेहरा तुम्ही आधीच घेतलाय. आता त्याला शब्द द्या, म्हणजे फिटलं.' नाव मात्र कुठेही तिचं नको, गाव ताकोराडी नको, मुलाची अब्रू जायला नको.

एकच प्रश्न. कुळाच्या म्हाताऱ्याची मुदत परवा संपते.

एकुवा

*

सॉल्टपाँड, ८ मे १९९५

एकुवा पोरी,

मला तिने सांगितलं होतं, नात खूप हसते. नऊ वर्षं मी दर नाताळला विचारत आलो, नात केवढी झाली? आणि ती हाताने उंची दाखवायची, दर वर्षी थोडी जास्त.

मुदतीचं सांगतो. मी कुळाच्या म्हाताऱ्याकडे गेलो आणि सांगितलं की, अक्राची माणसं कॅमेरा घेऊन तिच्या अंगणात येणार आहेत. तो घटकाभर दाढी खाजवत बसला. मग विचारलं, त्यात कुळप्रमुखाचं काम असतं का? मी म्हटलं, लिहून घेऊ. लिही पोरी, दोन वाक्यं तरी लिही. मुदत पावसाळ्यानंतरपर्यंत वाढली आहे.

मामा

*

अक्रा, २० जुलै १९९५

प्रिय मामा,

चित्रीकरणाचे चार दिवस संपून महिना झाला तरी माझ्या कपड्यांतला माशांचा वास जात नाही. कुळप्रमुखांची दोन वाक्यं त्यांनी स्वतःच सात केली, ती मी चारवर आणली आहेत, त्यांना सांगू नका. एफुवा आजीला पुन्हा पुन्हा 'असं बघा, तसं बघा' सांगावं लागेल असं वाटलं होतं. एकदाही सांगावं लागलं नाही. फक्त दारासमोर उभं राहायचं दृश्य झाल्यावर ती बराच वेळ वळली नाही, आणि मीही 'थांबा' म्हणाले नाही.

आता जोडणी करते आहे आणि एका जागी अडले आहे. ती चार मिनिटं. टोपली घेऊन उभी आजी, बंद दार, लाल उजेड. गोष्ट आता सगळ्यांना कळलेली असते, मग एवढा वेळ कशाला? लाम्प्टी साहेबही या वेळी म्हणतात, एक मिनिट पुरे. मला भीती वाटते की मी माझ्या हौसेपायी ती ठेवते आहे. तुम्ही सांगाल ते करीन. कापू?

एकुवा

*

सॉल्टपाँड, २६ जुलै १९९५

एकुवा,

कापू नकोस.

मी तुला गोष्ट विचारत होतो, तुझा रंग कमी कर असं म्हणत नव्हतो. पहिल्या वेळी ती चार मिनिटं मला लांब वाटली, कारण कशाची वाट बघायची ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. ती दुपारी तीनपासून दिवे लागेपर्यंत उभी होती, पोरी. लोकांना चार मिनिटंही उभं राहायला लावणार नाहीस का?

बॅनर सुरू केला आहे. चेहरा पुन्हा तिचाच, तिच्याच हट्टाने. समोर स्टुलावर बसते आणि नाकावर देखरेख करते. लाल कुठे लावायचा विचारलं, तर म्हणाली, डोळ्यांतला राहू दे, तो माझा कमावलेला आहे, पण बाजूला भट्टी काढ.

मामा

*

सॉल्टपाँड, ३० ऑगस्ट १९९५

एकुवा, माझ्या पोरी,

त्याच दिवशी कुमासीलाही खेळ असल्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो.

शनिवारी दुपारचा खेळ. बोआफोच्या मनात धाकधूक होती, कारण गावाला ठाऊक होतं की पडद्यावर एफुवाबाई आहे. माणसं आली, पण भिंतीकडेने बसली, पहिल्यांदा जशी हसत-ढकलत आली होती तशी नाही. कुळाचा म्हातारा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचं कापड पांघरून. एफुवाबाई दुसऱ्या रांगेत माझ्याशेजारी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांपैकी एकीवर मी, दुसरी रिकामी.

सुरुवातीला किंचाळ्या झाल्या. धुरातून ती पुढे आली तेव्हा मागे एक बाई प्रार्थना पुटपुटायला लागली. म्हाताऱ्याची चार वाक्यं झाली, त्याने मागे वळून सगळ्यांनी ऐकलं का ते बघितलं. मग ती मासे बांधते, नवं कापड नेसते, गाडीत टोपली मांडीवर धरून बसते, ते आलं आणि हॉल हळूहळू गप्प झाला.

मग ती चार मिनिटं.

पहिलं मिनिट कुणी हललं नाही. दुसऱ्या मिनिटाला खुर्च्या करकरायला लागल्या, लोकांना ते सोसवेना. मग मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, जरा घोगरा, जणू शेजारणीलाच सांगते आहे: 'दार उघड गं.' कुणी हसलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून तेच आलं. मग खिडकीशी उभ्या असलेल्या कोळ्यांमधून. बघता बघता सगळा हॉल त्या पडद्यावरच्या सुनेला ओरडून सांगत होता, दार उघड, अगं म्हातारी मासे घेऊन आली आहे, बाळ दाखव तिला. कुळाचा म्हातारा काठी आपटत होता. मी पन्नास वर्षं हॉलमध्ये बसतो आहे. लोक भुतापासून पळा म्हणून ओरडतात, भुताला आत घ्या म्हणून ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते.

एफुवाबाईने मागे वळून त्यांना दटावलं, गप्प बसा, बाळाचा आवाज ऐकू येत नाही.

तू दार उघडलं नाहीस, बरं केलंस. लोक बाहेर आले ते अजून त्या सुनेवर चिडलेलेच होते. कुणालाही विचारलं तर गोष्ट एकच सांगत होते, रडत किंवा भांडत, पण एकच.

सगळं गाव एका दुपारीत बदललं असं समजू नकोस. दोन-तीन घरं अजून नळावर हंडा उचलतात. ताकोराडीहून मुलाचं काही आलेलं नाही. एफुवाबाई म्हणते, तिथे चित्रपट लागेल तेव्हा लागेल. पण रविवारी दगड मारणारी मुलगी आईबरोबर आली. माफी मागायच्या रीतीप्रमाणे सहा अंडी आणली होती. एफुवाबाईने अंडी घेतली, मुलीची हनुवटी उचलली आणि म्हणाली, 'माझे डोळे नीट बघ. धुराने झालेत.' मुलीने बघितलं. मग तिने तिला जाळीवरचे मासे उलटायला बसवलं आणि ती संध्याकाळपर्यंत बसली. मंकेसिमची व्यापारीण काल दोन टोपल्या घेऊन गेली. भावाच्या गावाचा विषय कुळाच्या म्हाताऱ्याने पुन्हा काढलेला नाही. त्याला आता तुझ्या पुढच्या चित्रपटात काम हवं आहे.

आणि पुढच्या चित्रपटावरून आठवलं. मी एका नव्या अडचणीत सापडलो आहे, ती सोडवायला तू पुढच्या महिन्यात येच. भट्टीच्या गल्लीतल्या बायकांना कुणीतरी सांगितलं आहे की, एबोची भाची माणसांच्या गोष्टी घेऊन जाते. सोमवारी एक आली, तिने रंगाचे डबे बाजूला सारले आणि दीर होडीसकट कसा नाहीसा झाला ते सांगितलं. मंगळवारी दोघी आल्या. मी त्या गोष्टी पोत्याच्या मागच्या बाजूला कोळशाने लिहून ठेवतो आहे, कागद पुरेना.

आज सकाळी चौथी आली, वाकलेली, माझ्याहून मोठी. दारातच उभी राहिली. म्हणाली, माझ्या गोष्टीत भूत नाही, चालेल का?

मी उठून तिला स्टूल दिलं आणि म्हटलं, बसा, सुरुवातीपासून सांगा.

तुझा,
एबो मामा